मोठ्या आईने पाहिलेला राजा

रत्नागिरीच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात वर्षाचे दोन भाग असायचे : बोटी चालू आणि बोटी बंद. मे महिना सरत आला की मुंबईची शेवटची बोट मांडवीसमोर खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव सुटत, माणसं, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, रडणारी पोरं असं सगळं वर चढवलं जाई, आणि बोट गेली की समुद्राची वाट थेट नारळी पौर्णिमेपर्यंत मिटून जाई. मग मुंबईला असलेला मुलगा आजारी पडला तरी कळायला दिवस लागत. जमिनीवरची वाट आंबा घाटातून कोल्हापूरकडे जाणारी, बैलगाडीची. पावसात तिचाही भरवसा नाही. कोकण रेल्वे पूर्ण होऊन गाड्या सलग धावू लागल्या त्या १९९८ साली. त्याआधीच्या शंभर वर्षांतलं रत्नागिरी डोळ्यांपुढे आणायचं, तर आधी हे बोटी बंद असलेले महिने आणावे लागतात.

इंग्रजांनी हे महिने बरोबर हेरले होते. एखाद्या माणसाला मारायचं नाही, पण त्याच्या माणसांपासून तोडायचं आहे, त्याचं नाव हळूहळू विरून जावं असं वाटतं आहे, तर त्याला ठेवायला अशी जागा हवी. समोर समुद्र, पाठीशी सह्याद्री, आणि आसपास त्याची भाषा बोलणारं कोणी नाही. १८८६ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरला तो या हिशेबाने. वय सत्तावीस. बरोबर राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि राजाची दुसरी राणी सुपयागले, मंडालेत जन्मलेल्या दोन लहान मुली, आणि वाटेत मद्रासला जन्मलेली तिसरी, जेमतेम महिन्याची. चौथी पुढच्या वर्षी रत्नागिरीतच झाली.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली ती फार उशिरा. त्याआधी ती आजोळच्या पडवीत ऐकली होती. माझ्या आजीच्या सासूबाईंना घरात सगळे मोठी आई म्हणत. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण माझ्या मावशीचं सगळं बालपण त्यांच्या कुशीत गेलं, आणि मावशीकडे मोठ्या आईच्या गोष्टी जशाच्या तशा आहेत, त्यांच्या थांबण्यासकट. मावशी आता चौऱ्याऐंशीची आहे. लग्न झाल्यापासून पुण्यात. "एकदा थिबा राजाचा वाडा बघायचाय गो, आतून," असं ती अलीकडे वरचेवर म्हणू लागली, तेव्हा मी तिला, माझ्या मुलाला आणि बारा वर्षांच्या नातीला घेऊन एका शनिवारी पहाटे निघाले. नातीने फोनवर आवाज मुद्रित करायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. आंबा घाट उतरून साखरपा मागे पडला आणि गाडीत पहिल्यांदा मोहोराचा वास आला. झाडांना कणी धरली होती. मावशीने काच खाली केली आणि बोलायला लागली, ती रविवारी रात्री पुण्यात शिरेपर्यंत.

आमचं आजोळ सुतारांचं. मोठ्या आईचे यजमान, म्हणजे माझे खापरपणजोबा नव्हेत तर पणजोबाच, राजवाड्याच्या लाकूडकामावर होते. वाड्याचं बांधकाम १९०६ च्या सुमारास सुरू झालं आणि राजा तिथे राहायला गेला १९१० साली. मोठी आई मात्र नेहमी सांगे की राजा आला आणि सरकारने लगेच त्याला वाडा बांधून दिला. तसं झालं नव्हतं. त्याआधीची चोवीस वर्षं ते कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत दाटीवाटीने राहिलं. अर्ज करकरून, कलेक्टरच्या हातापाया पडून नव्हे पण पत्रांवर पत्रं धाडून, मग कुठे हा वाडा उभा राहिला. मोठी आई लग्न होऊन आली तेव्हा काम चालू होतं. तिच्या आठवणीची सुरुवात तिथून होते, म्हणून राजाचीही तिथूनच झाली.

या लाकडात एक गोष्ट आहे, जी आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ती मला कळली तेव्हा पणजोबांच्या हातांविषयीची माझी कल्पनाच बदलली. थिबाचं राज्य गेलं ते सागवानापायी. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलात साग तोडत असे. जेवढे ओंडके तोडले तेवढे दाखवले नाहीत, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने कंपनीला जबर दंड केला. रक्कम तेवीस लाखांच्या घरातली. इंग्रजांना उत्तर ब्रह्मदेश हवाच होता. फ्रेंच तिथे पाय रोवतील ही धास्तीही होती. कंपनीचं भांडण हे निमित्त झालं. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टचं सैन्य आगबोटींतून इरावतीवर चढलं, आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. राजाराणीला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेलं. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच राजाच्या कैदेच्या घराला लावायला साग आला. "लाकूड ब्रह्मदेशचं होतं, राजाच्या गावचं," असं पणजोबा सांगत. त्यांना त्याचा अभिमान होता. रंध्याखाली असं लाकूड पुन्हा आलं नाही, म्हणत. या लाकडासाठी समोरच्या माणसाचं सिंहासन गेलं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि राजाशी बोलायची तर सोयच नव्हती.

वाडा टेकडीच्या कडेला आहे. तांबडा, तीन मजली, उतरत्या छपराचा, पुढे दोन्ही बाजूंना ओळीने अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, वर रंगीत काचा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि आत संग्रहालय आहे. मधल्या काळात इथे सरकारी तंत्रनिकेतन भरत असे, त्यामुळे रत्नागिरीतल्या एका पिढीला हा वाडा राजाचा कमी आणि परीक्षांचा जास्त आठवतो. आम्ही पोचलो तेव्हा पुण्याकडच्या सहली आल्या होत्या. माणसं दारात फोटो काढत, आतून एक फेरी मारत आणि अर्ध्या तासात पुढे गणपतीपुळ्याला निघत. मला त्यांचा राग आला नाही. रिकाम्या दालनांत बघण्यासारखं आहे ते सांगणारं कोणी बरोबर नसेल, तर अर्धा तास पुष्कळ झाला.

मावशी मात्र खिडकीपाशी थांबली. चौकटीच्या सांध्यावर तिने बोट फिरवलं. "खिळा दिसतोय का बघ," ती नातीला म्हणाली. नातीने वाकून पाहिलं. त्या सांध्यात तरी दिसत नव्हता. कुसू बसवून वर लाकडी खुंटी मारली होती. "आमच्या आजोबांना खिळा मारलेला चालत नसे. म्हणत, समुद्राचा वारा खिळ्याला खातो आणि मग खिळा लाकडाला खातो." हीच खिडकी आमच्या पणजोबांनी केली का, हे कोण सांगणार? कितीतरी सुतार होते. पण मावशीला ते विचारावंसं मला वाटलं नाही. तिने त्या कमानीच्या दोन्ही बाजू हाताने चाचपल्या, मग संगमरवरी फरशीच्या मोठ्या दालनात गेली आणि मोठ्या आईने राजाला कुठून पाहिलं ते दाखवायला लागली.

मोठी आई तेव्हा वीस-बावीसची असेल. दुपारची भाकरी घेऊन कामावर यायची. एकदा काम पाहायला राजा आला. पोलीस पुढे, मग घोडागाडी. सगळ्यांनी हातातलं ठेवलं. "कसा होता?" हे विचारल्यावर मोठी आई नेहमी आधी हसायची, असं मावशी सांगते. "ठेंगणा. गोरा म्हणावा तर गोराही नाही. रेशमी लुंगी आणि डोक्याला पांढरं फडकं. आपल्याकडचा माणूस आजारातून उठल्यावर दिसतो तसा." मुकुट नाही, तलवार नाही. तो आला, जिन्यापाशी उभा राहिला, वर पाहिलं, आणि पणजोबांच्या हातातल्या पटाशीकडे पाहिलं. काही बोलला. दुभाष्याने सांगितलं, राजेसाहेब विचारतात, हे लाकूड कापताना वास येतो का? पणजोबांनी खाली पडलेली एक ढलपी उचलून दिली. राजाने ती हुंगली आणि परत न देता हातात ठेवली.

एवढीच गोष्ट. मी लहानपणी ती ऐकली तेव्हा मला राजाने पुढे बक्षीस दिलं असेल असं वाटे आणि मी विचारत असे. मावशी म्हणे, "बक्षीस कसलं? ढलपी घेऊन गेला." आता ती ऐकताना सागाचा सगळा इतिहास माझ्या मनात असतो, आणि ही ढलपी मला कुठल्याही माणकापेक्षा मोठी वाटते. हे खरं घडलं याला पुरावा काहीही नाही. पण खोटं बोलायचं असतं तर मोठी आई सोन्याची मोहोर म्हणाली असती.

माणकांच्या गोष्टी गावात होत्याच. राजाने वाड्याच्या आवारात माणकं पुरली आहेत, अमावास्येला तिथे उजेड दिसतो, अमक्याला एक सापडलं आणि त्याने मुंबईत चाळ घेतली. खरी हकीकत याच्या उलट आणि जास्त दुखरी आहे. मंडाले सोडताना न्गा मौक नावाचं राजघराण्याचं प्रसिद्ध माणिक इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं, असं राजाचं म्हणणं होतं. ते परत मिळालं नाही. पुढे अर्ज झाले, चौकशा झाल्या, माणिक गेलं ते गेलं. बरोबर आणलेले दागिने रत्नागिरीत एकेक करून विकले गेले, कारण सरकारी तनखा पुरत नव्हता आणि राजाला हात आखडायची सवय नव्हती. दिवाळीला तो पोलिसांना, नोकरांना कपडे द्यायचा, भिक्खूंना दान द्यायचा, कर्ज काढूनही द्यायचा. मंडालेहून आलेले नोकर कुरबुरी होऊन परत गेले तशी गावातली माणसं कामाला लागली. राजाराणीसमोर उभं राहायचं नाही, गुडघ्यावर सरकत जायचं हा तिथला रिवाज त्यांना शिकवला गेला. मोठ्या आईच्या ओळखीतली एक बाई तशी सरकायची. "गुडघे सोलून निघाले तिचे, पण राणीविषयी वाकडं ऐकून घ्यायची नाही," मोठी आई सांगायची.

राजाने गादीवर आल्यावर काय केलं हे मोठ्या आईला माहीत नव्हतं. १८७८ साली बाप मिंडोन वारला, थिबाला गादी मिळाली, आणि नंतरच्या काही महिन्यांत वारसा सांगू शकतील अशा भावाबहिणींची, नातलगांची मंडालेत कत्तल झाली. त्यामागे राणीची आई होती असं बहुतेक इतिहासकार म्हणतात. राजा विशीत होता, पण राजा तोच होता. नातीला मी हेही सांगितलं. तिने फोन खाली ठेवला आणि विचारलं, मग इंग्रजांनी पकडलं ते बरोबर का? मी म्हटलं, त्यांनी त्यासाठी पकडलं नाही. कत्तल झाल्यावर सहा वर्षं ते गप्प होते, ओंडक्यांचा दंड झाला तेव्हा आले.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी, पलीकडे पूल, राजीवड्याची घरं, आणि खाडी समुद्राला मिळते तिथे होड्यांची रांग. राजा दुर्बीण लावून येणाऱ्या बोटी बघत बसे, असं गावात सांगतात. त्या उंचीवर उभं राहिलं की हे सहज पटतं. तीस वर्षं बोटी बघत होता, त्यातली एकही त्याच्यासाठी आलेली नव्हती.

राजकन्यांची गोष्ट आमच्या घरात हळू आवाजात सांगितली जायची, म्हणून ती आम्हां मुलांच्या जास्त लक्षात राहिली. चौघी मुली या गावात वाढल्या. मराठी बोलायच्या. त्यांच्या तोलाची स्थळं ब्रह्मदेशातच, आणि तिकडे जायला सरकारची परवानगी नाही. लग्नाचं वय उलटत गेलं. थोरली, पहिली राजकन्या, राजाच्या नोकरीतल्या गोपाळ सावंत नावाच्या माणसात गुंतली. त्याला बायको होती. १९०६ साली मुलगी झाली. तिचं नाव टुटू. राजाराणीवर आकाश कोसळलं, कलेक्टर कचेरीत कागद हलले. दुसऱ्या राजकन्येने पुढे आपल्या मर्जीने लग्न केलं आणि ती कालिंपाँगला जाऊन राहिली. सरकारी कागदांत या मुलींविषयी शेरे आहेत, खर्चाचे तक्ते आहेत. त्या गौरी-गणपतीत कोणाकडे आल्या, काय खाल्लं, कोणाच्या बाळंतपणात बसल्या हे त्यात कसं येणार? ते माझ्या मावशीकडे आहे.

१९१९ साली राजघराणं ब्रह्मदेशात परत गेलं तेव्हा थोरली मुलीला घेऊन गेली खरी, पण पुढे परत रत्नागिरीला आली. इथेच राहिली, गरिबीत राहिली, आणि १९४७ साली इथेच वारली. टुटूचं लग्न इथेच झालं, संसार इथेच झाला. मुलाबाळांनी घर भरलं. २००० साली ती गेली, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती. मंडालेच्या राजाची नात, आणि तिला बर्मी येत नव्हतं.

मावशीने टुटूला पाहिलं आहे. बाजारात, देवळाबाहेर, पावसात डोक्यावर इरलं घेऊन जाताना. "नऊवारी नेसायची, कुंकू लावायची. चेहरा तेवढा निराळा. गाल उंच, डोळे बारीक." माझी आजी तिला थांबवून बोलायची. बोलणं काय, तर शेणी वाळल्या का, पाऊस कधी जाईल, मुलाला ताप आहे. एकदा मावशीने धीर करून विचारलं होतं, तुमचे आजोबा राजा होते ना? टुटू म्हणाली, "होते तर होते. तुझी आजी बरी आहे ना?" हे सांगताना मावशीचा आवाज दर वेळी थोडा बदलतो. मला वाटतं, राजवाड्यात ठेवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा या एका उत्तरात त्या घराण्याचं काय झालं ते जास्त आहे.

रविवारी सकाळी टिळक आळीत गेलो. टिळकांचा जन्म इथला, २३ जुलै १८५६ चा. कौलारू घर, चिरेबंदी जोतं, पुढे अंगण. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते, त्यांची पुण्याला बदली झाली तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. इथे येणारे लोक जन्माची खोली पाहतात, नमस्कार करतात. मोठी आई या घरावरून जाताना वेगळंच काही सांगायची, आणि ते तिने कुठे वाचलेलं नव्हतं. "इंग्रजांनी अदलाबदल केली. त्यांचा राजा आणून आपल्याकडे ठेवला, आणि आपला माणूस नेऊन त्याच्या गावात ठेवला."

ती अक्षरशः खरं बोलत होती. १९०८ च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबरात ते मंडालेच्या तुरुंगात पोचले, आणि हा तुरुंग होता मंडालेच्या किल्ल्याच्या तटाच्या आत, म्हणजे जिथे थिबा राज्य करत होता त्या आवारात. रत्नागिरीत जन्मलेला माणूस थिबाच्या तटबंदीत कैद, आणि थिबा रत्नागिरीत कैद. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटेपर्यंत हे असं चाललं होतं. टिळकांनी तिथल्या लाकडी कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढलं. त्याच हिवाळ्यात इकडे राजा नव्या वाड्यात राहायला आला होता.

आणखी एक गोष्ट मला टिळक आळीतल्या त्या अंगणात उभी असताना एकदम जुळून आली. १९१२ साली टिळक मंडालेत असताना पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. त्याच साली रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी सुपयागले वारली. टिळकांना बायकोचं अखेरचं दर्शन नाही. थिबाला राणीचं दहन-दफन आपल्या मातीत करायची मुभा नाही. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. मी हे मावशीला सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठ्या आईला हे माहीत असायला हवं होतं."

थिबाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. तिथे सहलींच्या गाड्या फारशा वळत नाहीत. राजा गेला डिसेंबर १९१६ मध्ये. राणी सुपयालतने त्याचा आणि बहिणीचा देह ब्रह्मदेशात न्यायची परवानगी मागितली. राजाचं कलेवर मंडालेत पोचलं तर लोक पेटतील, ही भीती सरकारला होती. परवानगी मिळेना, आणि राणी पुरू देईना. दोन वर्षांहून जास्त काळ पेट्या तशाच ठेवलेल्या होत्या. शेवटी मार्च १९१९ मध्ये इथे समाधी झाली, आणि त्यानंतर राणीला परत जायला मिळालं. ती १९२५ साली रंगूनला वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. त्याच परिसरात, थोड्या अंतरावर, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर आहे. त्याला १८५८ साली इंग्रजांनी रंगूनला नेलं आणि तो १८६२ साली तिथेच मेला. तेव्हा रंगून त्यांच्या ताब्यात होतं, मंडाले स्वतंत्र होतं, आणि थिबा तीन वर्षांचं मूल होता.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले. राजा या गावात उतरल्याला तेव्हा सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. समाधीवर नातीने रस्त्यात घेतलेली अबोली वाहिली. कोणी सांगितलं नव्हतं.

रत्नदुर्ग, भगवतीचं देऊळ, दीपगृह हे सगळं आम्ही दुपारपर्यंत उरकलं. किल्ला घोड्याच्या नालासारखा समुद्रात शिरला आहे आणि वारा सोसाट्याचा होता. मावशी गाडीतच बसली. मिरकरवाड्याला बोटी लागल्या होत्या, लिलाव आटपत आला होता, मुलाने सुरमई घेतली. जेवायला ओल्या काजूची उसळ मिळाली, तीही पोटभर. यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते हे की, या गावाला इंग्रजांनी शिक्षेची जागा म्हणून निवडलं आणि गावाने त्या शिक्षेत सामील व्हायचं नाकारलं. कोणी ठराव केला नाही. राजाला राजा म्हणत राहिले, त्याच्या टेकडीला, रस्त्याला, वाड्याला त्याचं नाव राहू दिलं, त्याच्या नातीला आपल्यात घेतलं. सगळं गोड होतं असं नाही. टुटूच्या आईच्या मागे लोक काय काय बोलत तेही मावशीकडे आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. पण ज्याला विसरलं जावं म्हणून इथे आणून टाकलं होतं, तो विसरला गेला नाही, यात मोठ्या आईसारख्या बायकांचा हात आहे. त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. जो कोणी त्या बायकांच्या मुली-नातींपाशी आज बसून ऐकेल त्याला हे मिळेल, आणि फार वेळ उरलेला नाही.

परतताना हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा नात म्हणाली, मावशीआजी, पतितपावन मंदिर राहिलं की. खरंच राहिलं होतं. गाडी वळवायला उशीर झाला होता. "मंदिर पुढच्या खेपेला बघ, गोष्ट आत्ता ऐक," मावशी म्हणाली, आणि फोन चालू आहे ना याची तिने स्वतः खात्री करून घेतली.

सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारची अट, जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही. तेव्हा त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम उभं केलं. भागोजीशेठ कीर यांनी पैसा दिला आणि १९३१ साली पतितपावन मंदिर उघडलं, सगळ्या जातींना आतपर्यंत जाता येईल असं. तिथे सर्व जातींच्या बायकांचं एकत्र हळदीकुंकू होई. माझी आजी नुकती लग्न होऊन आली होती. तिला जायचं होतं. घरात पुरुषमाणसांचा विरोध, आळीत कुजबुज. आजीने सासूला विचारलं.

"मोठी आई तांदूळ निवडत होती," मावशी सांगू लागली. "तिने मान वर केली नाही. म्हणाली, राजाची पोर आपल्या उंबऱ्यात बसून आपल्या हातचा चहा पिते, तेव्हा कोणी मला विचारलं नाही तिची जात कोणती. तू जा. पण मंगळसूत्र पदराखाली ठेव, गर्दी असते."

"आणि मग?" नातीने विचारलं.

"मग काय. आई गेली, कुंकू लावून घेऊन आली. शेजारच्या दोन घरांनी बरेच दिवस येणं-जाणं तोडलं. आणि पुढच्या वर्षी आई परत गेली, तेव्हा मोठी आईसुद्धा बरोबर गेली. वयाने मोठी म्हणून तिला पुढे बसवलं हो!"